रोझेनवाल्ड शाळागृहे : इतिहास व वास्तुविचार

वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत शाळागृहांना स्थान मिळते ते बहुधा त्यांच्या स्थपतीच्या नावामुळे. नामांकित स्थपतीने बांधलेली एखादी शाळा पाठ्यग्रंथात छायाचित्रासह येते. परंतु छापील नकाशांवरून गावोगावच्या सुतारांनी उभारलेली हजारो लहान शाळागृहे त्या इतिहासाच्या बाहेरच राहतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत सन १९१३ ते १९३२ या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी जी ग्रामशाळागृहे उभी राहिली, ती या दुसऱ्या वर्गातील होत. ती 'रोझेनवाल्ड शाळा' या नावाने ओळखली जातात. त्यांच्याविषयी आजवर जे लेखन झाले त्यात देणगीदाराच्या औदार्याचे वर्णन पुष्कळ आहे. अलीकडे त्या औदार्याची कठोर चिकित्साही झाली आहे. तथापि प्रत्यक्ष इमारत काय सांगते, हा प्रश्न या दोन्ही बाजूंनी काहीसा दुर्लक्षित राहिला. किंबहुना या शाळागृहांचा नकाशा हाच त्यांच्या इतिहासाचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज होय, असे म्हणण्यास आधार आहे.

प्रारंभीचा वृत्तांत थोडक्यात असा. गुलामगिरीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) यांनी अलाबामा राज्यात टस्कीगी येथे सन १८८१ मध्ये शिक्षणसंस्था उभारली. शिकागोच्या 'सिअर्स, रोबक' या टपालाने माल पुरविणाऱ्या प्रचंड पेढीचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड (१८६२–१९३२) यांची व वॉशिंग्टन यांची गाठ सन १९११ मध्ये पडली, आणि पुढील वर्षी रोझेनवाल्ड टस्कीगीच्या विश्वस्त मंडळावर आले. त्याच वर्षी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी ज्या देणग्या दिल्या, त्यांतील उरलेल्या रकमेतून सहा लहान ग्रामशाळा बांधण्याची अनुज्ञा वॉशिंग्टन यांनी मागितली. त्यांतील पहिली शाळा अलाबामातील लोचापोका या गावी सन १९१३ मध्ये पुरी झाली. तिला सुमारे ९४२ डॉलर खर्च आला. त्यांपैकी रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर होते. बाकीचे गावाने, म्हणजे कृष्णवर्णीयांनी रोख रकमेच्या व श्रमाच्या रूपाने आणि काही गोऱ्या रहिवाशांनी, उभे केले. पुढील सर्व योजनेचे बीज या एका हिशेबात आहे. देणगीदाराचा वाटा अर्ध्याहूनही कमी, आणि श्रमाचे मोल पैशांत मांडलेले.

टपालाने घरेच्या घरे विकणाऱ्या पेढीच्या मालकाने या शाळाही तशाच तयार भागांच्या पाठविल्या असाव्यात, अशी एक समजूत अद्यापि आढळते. ती निराधार आहे. स्थानिक लाकूड व स्थानिक कारागीर यांच्याच हातून शाळा उभी राहावी, असा टस्कीगीचा आग्रह होता, आणि त्यामागे केवळ काटकसर नव्हती. ज्याने भिंतीची फळी स्वतः रंधली, त्याचा त्या भिंतीवर हक्क सांगण्याचा अधिकार वेगळा असतो. हा हक्क कायद्याच्या भाषेत मात्र कोणाकडे गेला, हे पुढे पाहावयाचे आहे.

सन १९१५ मध्ये टस्कीगीने 'निग्रो ग्रामशाळा आणि तिचा समाजाशी संबंध' या अर्थाच्या मथळ्याची एक सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केली. तीतील नकाशांमागे रॉबर्ट आर. टेलर (१८६८–१९४२) यांचे काम होते. मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून वास्तुशास्त्राची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. टस्कीगीच्या बहुतेक प्रमुख इमारती त्यांनीच आखल्या व विद्यार्थ्यांच्या हातून बांधवून घेतल्या. या पुस्तिकेचा दृष्टिकोन लक्षात घेण्याजोगा आहे. तीत शाळेचे चित्र एकट्या इमारतीचे नाही. शिक्षकाचे घर, शौचकूप, कुंपण, भाजीचा वाफा, अंगणातील झाडे यांचाही विचार त्यात आहे. शाळा म्हणजे गावाच्या वस्तीचा नमुना, अशी कल्पना तिच्या मुळाशी दिसते. जे शाळेत नीटनेटके आढळेल ते घराघरांत जाईल, हा वॉशिंग्टन यांचा आवडता विश्वास टेलर यांनी रेषांत उतरविला.

पाच वर्षांतच या पहिल्या पर्वाचा शेवट झाला. नॅशव्हिल येथील पीबॉडी महाविद्यालयातील शाळागृह-आरोग्याचे अभ्यासक फ्लेचर ड्रेसलर यांनी रोझेनवाल्ड यांच्या सूचनेवरून अनेक शाळांची पाहणी केली व सन १९२० मध्ये अहवाल दिला. कित्येक ठिकाणी मूळ नकाशा पाळलेला नव्हता, काम कच्चे होते व देखरेख अपुरी पडली होती, असा त्याचा आशय होता. परिणामी योजनेचे कार्यालय टस्कीगीहून नॅशव्हिलला हलले व ड्रेसलर यांचे शिष्य सॅम्युएल एल. स्मिथ यांच्याकडे सूत्रे गेली. अहवालातील दोषदिग्दर्शन खोटे होते असे म्हणता येत नाही. परंतु या स्थलांतराने आणखी एक गोष्ट घडली, आणि तिची नोंद इमारतींच्या इतिहासात करावयास हवी : कृष्णवर्णीयांच्या शाळांचे रेखाटन कृष्णवर्णीय स्थपतीच्या हातून निघून गोऱ्या तज्ज्ञांच्या हाती आले. नकाशे अधिक सुबक झाले, सूचना अधिक काटेकोर झाल्या, आणि टेलर यांचे नाव मागे पडले. आज उभी असलेली बहुसंख्य रोझेनवाल्ड शाळागृहे या दुसऱ्या पर्वातील आहेत.

स्मिथ यांच्या कार्यालयाने काढलेले 'सामुदायिक शाळांचे नकाशे' हे या पर्वाचे प्रमाण पुस्तक. एका शिक्षकाच्या शाळेपासून अनेक शिक्षकांच्या शाळेपर्यंत क्रमाने नकाशे त्यात दिलेले आहेत. त्यांतील खरा नायक प्रकाश होय. दक्षिणेतील बहुसंख्य खेड्यांत त्या काळी वीज पोचली नव्हती. वाचावयाचे ते खिडकीतून येणाऱ्या उजेडावरच. यास्तव वर्गाच्या एकाच भिंतीत उंच, छतालगत पोचणाऱ्या सरकत्या तावदानांच्या खिडक्या एकमेकींना खेटून बसविल्या. भिंतीत विखुरलेल्या खिडक्यांमुळे प्रकाशाचे तुकडे पडतात व मधल्या भिंतीची सावली मुलांच्या पाटीवर येते. खिडक्यांची सलग रांग केली म्हणजे सर्व बाकांवर प्रकाश सारखा पसरतो. ही रांग पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडेच असावी, असा नियम होता. दक्षिणेकडील ऊन दिवसभर प्रखर, तर उत्तरेकडून आरोग्यास आवश्यक असे ऊन येतच नाही. पूर्व व पश्चिम या दिशांनी मात्र अर्धा दिवस ऊन व अर्धा दिवस शांत उजेड मिळतो. प्रकाश मुलाच्या डाव्या बाजूने यावा, हाही दंडक होता. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची स्वतःची सावली कागदावर पडू नये हा त्यामागील हेतू.

हे दोन साधे नियम एकत्र आले की संपूर्ण इमारतीची मांडणी त्यांच्यामागून जाते. जागा रस्त्याच्या कोणत्या बाजूस मिळेल हे गावाच्या हाती नसे. मिळेल ती जमीन घ्यावी लागे. म्हणून 'पूर्वाभिमुख किंवा पश्चिमाभिमुख' जागेसाठी एक नकाशा व 'उत्तराभिमुख किंवा दक्षिणाभिमुख' जागेसाठी दुसरा, अशी जोड नकाशे तयार करण्यात आली. दर्शनी बाजू रस्त्याकडे राहील, परंतु वर्ग सूर्याकडे पाहील, ही युक्ती त्यात साधली आहे. शेजारशेजारच्या दोन वर्गांपैकी एकाच्या खिडक्या पूर्वेस व दुसऱ्याच्या पश्चिमेस असल्या, तर डावीकडून प्रकाश येण्यासाठी एका वर्गातील मुलांना दक्षिणेकडे व दुसऱ्यातील मुलांना उत्तरेकडे तोंड करून बसावे लागते. बाहेरून समतोल दिसणाऱ्या दर्शनी भागाच्या आत असा विरुद्ध दिशांचा संसार चालतो. सौंदर्यशास्त्राच्या नियमांवरून काढलेला नकाशा असा निघाला नसता. तो डोळ्याच्या व हाताच्या गरजेतून निघाला आहे.

इतर तपशीलही याच विचाराला धरून आहेत. इमारत विटांच्या खुंटांवर जमिनीपासून उचललेली. लाकूड कुजू नये व खालून हवा खेळावी म्हणून. खिडक्यांच्या रांगेसमोरील आतल्या भिंतीत वर लहान झडपांच्या खिडक्या, म्हणजे उन्हाळ्यात वारा आरपार जाई. पडदे फिक्या तपकिरी रंगाचे, उजेड गाळून आत सोडणारे. भिंतीचा खालचा पट्टा गडद, त्यावरचा भाग करडा किंवा पिवळसर, छत जवळजवळ पांढरे. म्हणजे प्रकाश जसजसा वर जावा तसतसे परावर्तन वाढावे. बाहेरील रंगही ठरवून दिलेले : पांढरा व करड्या कडा, करडा व पांढऱ्या कडा, किंवा तपकिरी व पांढऱ्या कडा. रंगांच्या डब्यापर्यंत पोचणारी ही शिस्त क्वचित जाचक वाटते. परंतु ज्यांच्या मुलांना तोवर चर्चच्या खोलीत, शेतावरील कोठारात किंवा गळक्या खोपटात शिकावे लागे, त्यांच्यासाठी कोणीतरी पडद्याच्या रंगाचा विचार करतो, ही गोष्टच अपूर्व होती.

दोन वर्गांच्या मधली भिंत पुष्कळ ठिकाणी घडीच्या किंवा सरकत्या दारांची असे. ती बाजूस सारली की दोन वर्गांचे एक सभागृह होई. सभा, नाटुकली, शेतकऱ्यांचे मेळावे, निधीसाठी भरविलेली भोजने ही सर्व तेथे होत. किमान दोन एकर जमीन असावी ही अट होती, ती खेळ व बागेसाठी जशी, तशी या जमावांसाठीही. सार्वजनिक सभागृहांतून व उद्यानांतून ज्यांना प्रवेश नव्हता त्यांना शाळेच्या या एका सरकत्या भिंतीने सार्वजनिक जागा दिली. या दृष्टीने पाहता नकाशातील ती तुटक रेषा साऱ्या इमारतीतील सर्वांत धीट रेषा होय.

याच्या उलट नकाशातील एक खोली वादग्रस्त आहे. ती म्हणजे 'उद्योगाची खोली'. अगदी लहान शाळेतही ती ठेवलेली आढळते, बहुधा दर्शनी बाजूस. मुलींना शिवण व स्वयंपाक, मुलांना सुतारकाम शिकवावे ही तिची योजना. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी सन १९०३ मध्येच वॉशिंग्टन यांच्या उद्योगशिक्षणावर प्रखर टीका केली होती. नागरी हक्क व उच्च शिक्षण बाजूस ठेवून कारागिरी शिकविणे म्हणजे दुय्यम स्थान पत्करणे होय, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे जेम्स अँडरसन या इतिहासकाराने सन १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची साद्यंत चिकित्सा करताना ही भूमिका अधिक बळकट केली. उद्योगाची खोली ही या विचाराची वास्तूतील खूण आहे, हे नाकारता येणार नाही. दात्यांना व गोऱ्या अधिकाऱ्यांना दाराशीच दिसावी अशा जागी ती आहे, यातही अर्थ असावा. परंतु नकाशा नीट पाहिला तर दुसरी बाजूही दिसते. उत्तम प्रकाशाची मोठी भिंत या खोलीला दिलेली नाही. ती वर्गाला दिली आहे. सर्वाधिक क्षेत्रफळ, सर्वाधिक खिडक्या, तीन भिंतींवरचे फळे हे सर्व वाचन-लेखनाच्या वाट्याला आले. अर्थात दर्शनी भाग एक बोलतो व आतली मांडणी दुसरे. जेथे उघडपणे समान शिक्षणाची मागणी करणे धोक्याचे होते आणि काही ठिकाणी शाळांना आगी लावल्या गेल्या, तेथे इमारतीने असे दुहेरी बोलणे स्वाभाविक मानले पाहिजे. अँडरसन यांची टीका शिक्षणक्रमाला पूर्णपणे लागू पडते. वास्तूला ती अर्धीच लागू पडते.

त्यांच्या टीकेचा दुसरा भाग मात्र अधिक भेदक आहे, आणि तो पैशाचा आहे. सन १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकगृहे व १६३ कर्मशाळा मिळून ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लक्ष डॉलर. त्यांपैकी रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४४ लक्ष. कृष्णवर्णीय ग्रामस्थांचा सुमारे ४७ लक्ष. इतर गोऱ्यांच्या देणग्या सुमारे १२ लक्ष. आणि उरलेला, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश, सार्वजनिक कराचा. ज्यांच्या नावाने शाळा ओळखल्या गेल्या त्यांच्यापेक्षा ज्यांच्या मुलांसाठी त्या बांधल्या त्यांनी अधिक दिले, हे या आकड्यांवरून उघड होते. शिवाय सार्वजनिक करातही त्यांचा भाग होताच. कर भरून शाळा मिळावयाची ती न मिळाल्याने पुन्हा वर्गणी देऊन ती मिळवावयाची; अँडरसन यांनी याला दुहेरी कर म्हटले आहे. ही वर्गणी कशी जमे हे पाहण्यासारखे आहे : कोठे कापसाचे एकरभर शेत शाळेच्या नावाने राखून त्याचे उत्पन्न दिले जाई, कोठे लाकूड तोडून दिले जाई, कोठे जमिनीचा तुकडा. खंडाने शेती करणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने यांतील कोणतीही देणगी किरकोळ नव्हती.

मराठी वाचकास या ठिकाणी महात्मा फुले यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे, आणि तो केवळ भावनेचा संबंध नव्हे. 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी सन १८७३ मध्ये अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील लोकांस अर्पण केला. सन १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी मांडलेला मुख्य मुद्दा हाच होता की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून होणारे शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडते. ग्रामशाळांत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे असेही त्यांनी सुचविले. पण ते वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीने, त्यांच्या ऐवजी नव्हे. उद्योगाच्या खोलीविषयीचा अमेरिकेतील वाद मराठी विचारात किती आधी व किती सरळ भाषेत सुटला होता, हे यावरून ध्यानात येते.

बांधून झालेली शाळा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर निधीच्या नियमांत स्पष्ट होते. जमीन व इमारत सार्वजनिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे केली पाहिजे, तरच अनुदान मिळे. रोझेनवाल्ड यांच्या दृष्टीने हा नियम तत्त्वाचा होता : शिक्षण ही राज्याची जबाबदारी, आणि खाजगी देणगीने राज्यास ती घेण्यास भाग पाडावे. तत्त्व म्हणून ते निर्दोष आहे. व्यवहारात मात्र जमीन गावाने दिली, घाम गावाने गाळला, आणि मालकी ज्या मंडळात गावाचा एकही प्रतिनिधी नव्हता त्याच्याकडे गेली. नकाशाइतकाच हा दस्तऐवजही वास्तूचा भाग समजला पाहिजे. कारण पुढे इमारतींचे जे झाले ते त्याच्यामुळे.

सन १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्याच्या निकालात वर्णभेदमूलक स्वतंत्र शाळा घटनाबाह्य ठरविल्या. हा निकाल न्याय्य होता यात दुमत संभवत नाही. त्याचा परिणाम म्हणून पुढील दीड दशकात व त्यानंतरही रोझेनवाल्ड शाळा बंद होत गेल्या. मुले गोऱ्यांच्या इमारतीत गेली. गोरी मुले या इमारतीत आली नाहीत. मंडळांनी रिकाम्या इमारती विकल्या, पाडल्या किंवा धान्याच्या कोठारासाठी दिल्या. काही शेजारच्या चर्चने विकत घेतल्या. म्हणजे ज्यांच्या आजोबांनी त्या बांधल्या त्यांनी त्या पुन्हा पैसे मोजून परत मिळविल्या. पाच हजारांच्या आसपास असलेल्या शाळांपैकी आज सुमारे पाचशे उभ्या आहेत. सन २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा न्यासाने त्यांचा समावेश अत्यंत धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत केला, तेव्हा कोठे त्यांच्याकडे व्यापक लक्ष गेले. व्हर्जिनिया राज्यातील स्क्रॅबल येथील शाळा सन १९२१-२२ मध्ये बांधली गेली व सन १९६७ पर्यंत चालली. ती दुरुस्त होऊन सन २००९ पासून वृद्धांचे केंद्र व वारसाकेंद्र म्हणून उघडली. टेनेसी राज्यातील कैरो या वस्तीतील सन १९२२ ची एकशिक्षकी शाळाही अशीच राखली गेली आहे.

जतनाच्या या कार्यात एक दोष वारंवार आढळतो. इमारत राखताना खिडक्यांचीच प्रथम हानी होते. बंद पडलेल्या शाळांत त्या फळ्यांनी किंवा विटांनी बुजविल्या गेल्या. दुरुस्तीच्या वेळी वातानुकूलनाच्या सोयीसाठी लहान केल्या जातात. छप्पर, भिंती व नामफलक राहतात; प्रकाशाची ती सलग रांग जाते. वरील विवेचन मान्य असेल, तर अशा ठिकाणी शाळागृहाचे कवच राखले गेले असे म्हणावे लागेल, शाळागृह नव्हे. याउलट उद्योगाच्या खोलीत स्वयंपाकघर किंवा कचेरी आणल्याने वास्तूचे फारसे बिघडत नाही.

रोझेनवाल्ड निधीचे दप्तर नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात आहे. प्रत्येक शाळेचे एक पत्रक, त्यावर गाव, वर्ष, शिक्षकसंख्या, जमिनीचे क्षेत्र, खर्च व चार वर्गांतील वर्गण्यांचे आकडे, आणि पुष्कळदा नवी इमारत दाखविणारे एक छायाचित्र, असा हा संग्रह आहे. मेरी हॉफश्वेल यांच्या सन २००६ मधील ग्रंथाने या साधनांचा उत्तम उपयोग केला. तथापि पत्रकात नमुना नकाशा व रकमा मिळतात. गावाने नकाशात काय बदलले ते मिळत नाही. ड्रेसलर यांनी ज्या फेरफारांना दोष म्हटले, त्यांतील काही सुताराची चूक असतील, काही लाकडाची टंचाई, आणि काही गावाची स्वतःची निवडही असू शकेल. त्यांची छाननी पत्रकांवरून होणार नाही. त्यासाठी उभ्या असलेल्या पाचशे इमारतींची, मूळ नकाशा शेजारी ठेवून, भिंत-भिंत व खिडकी-खिडकी मोजणी करावी लागेल.